राजधानीचे नभोनाट्य आणि मावळातील श्रोता



पुण्याच्या पेशवेकालीन वैभवावर रचलेले एक नभोनाट्य मध्यंतरी मुळशीस आमच्या ओसरीवर बसून ऐकण्याचा योग आला. चौघडा, घोड्यांच्या टापा, दिल्ली दरवाजा उघडल्याचा आवाज, सारे यथास्थित होते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी झालेल्या नारायणरावाच्या वधाचा प्रसंग आला तेव्हा घरातील मुले दचकून एकमेकांस बिलगली. वर्गात खडू झिजवून मला जे वर्षानुवर्षे साधले नाही, ते त्या नटांनी घटकाभरात साधले, हे आरंभीच कबूल करतो. तथापि एक गोष्ट मनात सलत राहिली.

शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजी घातला गेला, वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ रोजी झाली आणि खर्च १६,११० रुपये आला. हे आकडे नाट्यात होते. परंतु वाड्याचे सागवान जुन्नरच्या रानांतून, दगड चिंचवडच्या खाणींतून आणि चुना जेजुरीकडून आला, याचा त्यात उच्चारही नव्हता. नानासाहेबांनी कात्रजचे पाणी भुयारी नळाने शहरात आणले, असे निवेदक मोठ्या अभिमानाने सांगतो. ते नळ खणणारे हात कोणते, हे विचारण्यास त्यास सवड नाही. लाकडांनी लादलेल्या गाडीच्या चाकाची करकर टापांच्या आवाजाहून काढण्यास कठीण थोडीच आहे? सरदारांची भाषणे बखरींच्या आधारे रचता येतात, गाडीवानाचे बोलणे कोणी टिपून ठेवलेले नाही, ही अडचण मी जाणतो. पण दरबारातील संवाद तरी किती जणांनी टिपले होते? तेथे नाटककार कल्पनेचा आधार खुशाल घेतो!

पुढे १७ नोव्हेंबर १८१७ रोजी वाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले, १८२८ च्या आगीत आतील महाल भस्मसात झाले, आणि सनईच्या करुण सुरांत नाट्य संपले. आमच्या खोऱ्याची कथा मात्र तेथे संपत नाही. राज्यकारभार मुंबईस गेला आणि नव्या राजधानीची भूक जुनीहून मोठी निघाली. तिला वीज हवी होती. त्यासाठी मुळा आणि निळा यांच्या संगमाजवळ धरण घालण्याचे ठरले, तेव्हा येथील मावळ्यांनी १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, सत्याग्रह आरंभिला. विनायकराव भुस्कुटे पुढे होते. पांडुरंग महादेव बापट यांस 'सेनापती' ही पदवी मिळाली ती याच लढ्यात. १९२४ पर्यंत झुंज चालली. धरण झालेच. घाटाखाली भिरा येथील वीजघर १९२७ साली सुरू झाले, आणि त्याच वर्षीच्या २३ जुलै रोजी मुंबईचे नभोवाणी केंद्रही बोलू लागले.

माझ्या आजीचे माहेर त्या तलावाखाली आहे. तिला सत्याग्रहातले फारसे आठवत नसे. आठवे तो आंबेमोहोर फुलल्यावर वेशीपर्यंत येणारा वास. तो काही नभोवाणीवर ऐकविता यावयाचा नाही.

म्हणून जुन्नरहून सागाचे ओंडके घेऊन निघालेल्या एका गाडीवानाचा प्रवेश मी स्वतःच लिहावयास घेतला आहे. तीन पाने झाली. गाडी अद्याप खेडच्या अलीकडेच आहे आणि गाडीवानास नाव सुचलेले नाही.