पडद्यामागची मराठी: पिंगुळीच्या चामड्याच्या बाहुल्या

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजाच्या वस्तीत कथा सांगण्याच्या तीन कला पिढ्यानपिढ्या एकत्र नांदत आल्या आहेत: कागदावरील चित्रे एकामागून एक दाखवत आख्यान गाण्याची चित्रकथी, दोऱ्यांनी नाचवायच्या लाकडी कळसूत्री बाहुल्या, आणि ज्यांची सावली पडद्यावर खेळवली जाते त्या चामड्याच्या बाहुल्या. यांपैकी चित्रकथीला अभ्यासक भेटले आणि कळसूत्रीला प्रेक्षक. चामड्याच्या बाहुल्यांच्या वाट्याला मात्र तिन्हींत सर्वांत कमी लक्ष आले. वास्तविक पिंगुळीचा दख्खनच्या व्यापक इतिहासाशी सर्वांत लांबचा धागा जुळतो तो याच तिसऱ्या कलेमुळे.

या बाहुलीसाठी चामडे कमावत नाहीत, कारण कमावलेले चामडे अपारदर्शक होते. कातडे भिजवून, त्यावरचे केस खरवडून काढून ते ताणून वाळवले म्हणजे तावदानासारखे अर्धपारदर्शक बनते. त्यावर आकृती रेखून ती कापतात, रंगवतात आणि दागिने व वस्त्रांचे काठ दाखवण्यासाठी बारीक छिद्रे पाडतात. दिव्याचा उजेड रंगातून गाळून येतो तेव्हा पडद्यावर काळी सावली न पडता रंगीत सावली पडते, आणि छिद्रांतून आलेला निखळ प्रकाश मुकुटावर मोत्यांसारखा चमकतो. बाहुलीच्या मध्यातून बांबूची चिरलेली काडी उभी बांधलेली असते व तीच खेळवणाऱ्याची मूठ. बाहुली पडद्याला टेकवली की आकृती रेखीव दिसते, दिव्याकडे मागे ओढली की ती मोठी व पुसट होत विरून जाते; पात्राचे अंतर्धान पावणे एवढ्या साध्या हालचालीने साधते. पिंगुळीच्या बाहुल्या आंध्रातील पुरुषभर उंचीच्या बाहुल्यांच्या मानाने अगदी लहान आहेत आणि त्यांचा विषय प्रामुख्याने रामकथेचा आहे.

या कलांना आश्रय होता तो सावंतवाडीच्या भोसले संस्थानिकांचा. संस्थानाने ठाकर कलावंतांना गावे व देवळे नेमून दिली, त्या त्या देवळात नवरात्रासारख्या प्रसंगी आख्यान लावण्याचा मान त्यांच्याकडे राहिला, असे परंपरा सांगते. मान या शब्दाला येथे रोकडा अर्थ आहे: गावाने कथा ऐकायची, कलावंताने ती चुकवायची नाही, आणि मोबदल्यात धान्य, नारळ, वस्त्र असा ठरलेला वाटा मिळायचा. 1948 मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि या व्यवस्थेमागचा राजाधार गेला. त्याच प्रदेशातील दशावतार मात्र टिकला, नव्हे फोफावला, कारण तो राजापेक्षा गावोगावच्या जत्रांना बांधलेला होता आणि जत्रा काही विलीन झाल्या नाहीत. रात्रभर माणसे रंगून देव-दानव होत असताना हातभर चामड्याची सावली पाहायला कोण बसणार, हा प्रश्न कठोर असला तरी अवाजवी नव्हे.

कोकणात क्षीण झालेला हा खेळ दक्षिणेत मात्र भरात राहिला. कर्नाटकात त्याला तोगलु गोंबेयाट, आंध्र व तेलंगणात तोलु बोम्मलाट आणि तमिळनाडूत तोल बोम्मलाट्टम् म्हणतात. या नावांतील तोगलु, तोलु, तोल म्हणजे चामडे, गोंबे व बोम्म म्हणजे बाहुली, आणि आट म्हणजे खेळ. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की कर्नाटकातील किळ्ळेक्यात, आंध्रातील आरे कापू आणि तमिळनाडूतील मंडिकर हे बाहुल्या खेळवणारे समाज पडद्यासमोरच्या लोकांसाठी कन्नड, तेलुगू किंवा तमिळ बोलत असले, तरी घरात आपसांत मराठीची एक बोली बोलत आले आहेत. आरे हा शब्दच तेलुगू व कन्नड मुलुखात मराठ्यांसाठी वापरला जातो. हे समाज महाराष्ट्रातून केव्हा व कोणत्या वाटेने खाली उतरले याबद्दल मतभेद आहेत. काही जण त्यांचा संबंध सतराव्या शतकात तंजावरला स्थापन झालेल्या मराठा राज्याशी जोडतात, परंतु स्थलांतर एकाच लाटेत झाले असे मानण्याचे कारण नाही. निष्कर्ष मात्र टाळता येत नाही: मराठी मुलुखात जो खेळ जवळजवळ विझला, तो मराठी बोलणाऱ्यांनीच परभाषेच्या आश्रयाने जगवला, आणि त्याची मराठी ओळख पडद्याच्या मागच्या बाजूलाच राहिली.

या नात्याचा दुसरा पुरावा चित्रांत आहे. बाजूने काढलेले चेहरे, भला मोठा टपोरा डोळा, एका रेषेवर उभ्या केलेल्या आकृती आणि मागे जवळजवळ कोरी जागा ही चित्रकथीची लक्षणे, आणि चामड्यातून कापून काढलेल्या आकृतीची लक्षणेही नेमकी हीच, कारण तिला पार्श्वभूमी असूच शकत नाही. चित्रकथीत एका आख्यानाच्या चित्रांच्या गठ्ठ्याला पोथी म्हणतात; दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात आणि गाणारा पान उलटत कथा पुढे नेतो. अशा चित्रांचे जुने नमुने पैठणला सापडल्याने ती दीर्घकाळ पैठण शैली या नावाने ओळखली गेली, आणि आन्ना दालापिक्कोला यांच्या 1980 च्या जर्मन ग्रंथाच्या शीर्षकातही पैठण अवतरणचिन्हांत का होईना, आहेच. व्हालेंटिना श्ताखे-रोझेन यांनी 1984 मध्ये पिंगुळीचे नाव घेऊन या चित्रांतील कथनावर लिहिले. गावाचे श्रेय दुसऱ्या गावाला जावे हा कलेच्या इतिहासातला जुना अपघात आहे. त्यात दक्षिणेकडे जीर्ण बाहुली फेकून न देता नदीत सोडण्याची रीत असल्याने, अभ्यासकाला हवे ते जुने चामडे बहुधा पाण्यातच गेले.

असाच वारसा-वाद पूर्व भूमध्य प्रदेशातही आहे. ग्रीसमधील कारागिओझिस हा कुबड असलेला, अनवाणी, सदा भुकेला आणि एक हात बेसुमार लांब असलेला छायापुरुष तुर्कांच्या कारागोझपासून घडला. वजिराच्या महालासमोर त्याची मोडकी झोपडी उभी असते आणि सारा खेळ या दोहोंच्या मधल्या जागेत चालतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पात्रास शहरातील मिमारोस या कलावंताने त्याला पुरता ग्रीक केला. सोतिरिस स्पाथारिस (1892–1974) यांनी आठवणी लिहून हा धंदा नोंदवला, तर त्यांचे पुत्र एव्हगेनिओस (1924–2009) यांच्या नावाशी अथेन्सजवळच्या मारूसीतील छायानाट्य-संग्रहालय जोडलेले आहे. 2009 मध्ये युनेस्कोच्या यादीत कारागोझ तुर्कस्तानच्या नावे नोंदला गेला तेव्हा ग्रीसमध्ये नाराजी उमटली. सावलीवर मालकी सांगण्याचा हा हट्ट गमतीचा खरा. पण मंडिकर वा आरे कापू यांच्या बाबतीत तसा हक्क मराठीने कधी सांगितलाही नाही, हे त्याहून विचित्र आहे.

पिंगुळीतही बापाकडून मुलाकडे आलेली कला संग्रहालयाच्या वळणावर पोहोचली ती परशुराम विश्राम गंगावणे यांच्यामुळे. घराण्यातील चित्रे व बाहुल्या जपत त्यांनी 2006 मध्ये आपल्या गुरांच्या गोठ्याचेच संग्रहालय केले आणि त्याला ठाकर आदिवासी कला आंगण असे नाव दिले. 2021 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. या जागेचा विशेष असा की वस्तू केवळ मांडलेल्या नाहीत, तर घरची माणसे त्या हातात घेऊन खेळवून दाखवतात. मात्र येथे येणारा पाहुणा तास-अर्ध्या तासाचा असतो, तर मूळ आख्यान रात्रीच्या हिशेबाने रचलेले, त्यामुळे सबंध रामकथेतून एखादाच प्रसंग निवडावा लागतो. दिवाही बहुतेक ठिकाणी आता विजेचा आला आहे. तेलाची ज्योत वाऱ्याने हलली की हात स्थिर असतानाही पडद्यावरची आकृती श्वास घेतल्यासारखी थरथरत असे. बल्बचा उजेड हलत नसल्याने तो थरकाप आता काडी धरणाऱ्या बोटांनाच द्यावा लागतो.