नव्या माशाचे विलगीकरण : काचेआडच्या समुद्राचा इतिहास

१/ नवा समुद्री मासा टाकीत सोडावा आणि पंधरवड्याच्या आत टाकीतले जुने मासेही एकामागून एक दगावावेत, हे संकट समुद्री मासे पाळणाऱ्यांना चांगले परिचित आहे. त्यामागचे कारण उलगडण्यास मात्र जवळजवळ शंभर वर्षे लागली. त्या शोधाची ही हकीकत. (धागा)

२/ आरंभीचा प्रश्न पाण्याचा होता. १८४६ मध्ये ॲना थिन या इंग्रज महिलेने टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला आणले. समुद्राचे पाणी नासू नये म्हणून घरातील मोलकरीण ते रोज एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत असे. पाण्यात हवा मिसळण्याचा तेवढाच उपाय तेव्हा हाताशी होता.

३/ १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने मासे, पाणवनस्पती आणि गोगलगाई यांचा परस्परांना आधार देणारा समतोल मांडला. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उघडले. पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचा या विषयावरील ग्रंथ आला आणि घरोघरी काचेच्या टाक्यांचे वेड पसरले.

४/ १८७१ मध्ये विल्यम आल्फर्ड लॉइड यांनी क्रिस्टल पॅलेस येथे मोठे मत्स्यालय उभारले. टाक्यांच्या कित्येक पट पाणी अंधाऱ्या भूमिगत हौदात साठवून ते अखंड फिरते ठेवण्याची त्यांची योजना होती. पाण्याचा प्रश्न पुष्कळसा सुटला. पण सर्व टाक्यांतून एकच पाणी फिरले, की एका टाकीतला रोगही सर्वत्र फिरतो.

५/ हा रोग कोणता? १९३१ मध्ये ई. एम. ब्राउन यांनी लंडनच्या मत्स्यालयातील माशांच्या कल्ल्यांवर आढळलेल्या एका सूक्ष्म परजीवीचे वर्णन केले. आज तो अमायलोऊडिनियम या नावाने ओळखला जातो. १९३७ मध्ये जपानमध्ये सिकामा यांनी समुद्री माशांवरील पांढऱ्या ठिपक्यांचा रोग नोंदवला. १९५१ मध्ये ब्राउन यांनीच त्याच्या परजीवीला क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स हे नाव दिले.

६/ त्याच १९५१ साली मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. समुद्र हाकेच्या अंतरावर असो वा शेकडो मैलांवर, मासा काचेआड आला की या परजीवीचा धोका सारखाच असतो. न्यूयॉर्कच्या मत्स्यालयात याच रोगाच्या साथी आल्या. त्यांचे वर्णन निग्रेली आणि रुजिएरी यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केले.

७/ या परजीवीचे जीवनचक्र फसवे आहे. तो काही दिवस माशाच्या त्वचेत व कल्ल्यांत राहतो, मग गळून तळाशी कोष करतो. ठिपके नाहीसे होतात आणि मासा बरा झाला असे वाटते. प्रत्यक्षात कोषात विभाजन चालू असते. मग बहुधा अंधाराच्या वेळी शेकडो पिल्ले बाहेर पडून नवा मासा शोधतात.

८/ समुद्रातही हा परजीवी असतो. तेथे पाणी अथांग असल्याने बहुतेक पिल्लांना मासा सापडत नाही आणि ती एक-दोन दिवसांत मरतात. टाकीत माशाला पळायला जागाच नसते. त्यामुळे समुद्रात किरकोळ ठरणारा रोग टाकीत जीवघेणा होतो.

९/ १९५५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट मत्स्यालयातील रॉबर्ट डेम्पस्टर यांनी कल्ल्यांवरील परजीवीवर मोरचुदाचा उपाय प्रसिद्ध केला. मोरचूद पोहणाऱ्या पिल्लांना मारते, कोषाला नव्हे. म्हणून उपचार लांबवावा लागतो. शिवाय ते प्रवाळ आणि कोळंबीलाही घातक असते. साहजिकच उपचाराची टाकी वेगळी करणे भाग पडले.

१०/ १९८७ मध्ये इस्राएलमधील एलात येथील अँजेलो कोलॉर्नी यांनी औषधाविना मार्ग मांडला. मासा दर ३ दिवसांनी स्वच्छ, कोरड्या केलेल्या नव्या टाकीत हलवावा. असे ४ वेळा करावे. गळून पडलेले कोष मागे राहतात आणि पिल्ले बाहेर येण्यापूर्वीच मासा पुढे गेलेला असतो.

११/ प्रवासाचाही एक धडा मिळाला. प्लास्टिकच्या पिशवीत माशाच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो, पाण्याची आम्लता वाढते आणि अमोनिया तुलनेने निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडताच तो वायू निघून जातो आणि अमोनिया विषारी बनतो. म्हणून लांबच्या प्रवासाहून आलेल्या माशाला त्याच पाण्यात तासन्‌तास थेंब-थेंब पाणी देत ठेवणे हिताचे नसते.

१२/ आजची रीत या साऱ्यातून आली आहे. विलगीकरणाच्या टाकीची क्षारता पिशवीतल्या पाण्याशी आधीच जुळवावी. बंद पिशवी तरंगत ठेवून तापमान सारखे करावे. मासा टाकीत घ्यावा, पिशवीतले पाणी मात्र फेकावे. प्रकाश मंद, लपायला नळीचा तुकडा, आणि साधारण ४ ते ६ आठवडे निरीक्षण. घाबरलेल्या, उपाशी माशाची प्रतिकारशक्ती खालावते. म्हणून तो नियमित खाऊ लागणे हे पहिले सुचिन्ह.

१३/ १३७७ मध्ये डुब्रोव्हनिक नगराने प्लेगग्रस्त भागातून येणाऱ्यांना ३० दिवस बाहेर थांबवण्याचा नियम केला. पुढे अन्यत्र ही मुदत ४० दिवसांची झाली आणि तीवरूनच ‘क्वारंटाइन’ हा शब्द आला. मत्स्यपालकांनी तीच शिस्त स्वीकारली. बाजारातील बहुतेक समुद्री मासे आजही थेट प्रवाळखडकांतून पकडले जातात. तेथून उचललेला जीव टाकीत जगेल की नाही, हे पुष्कळदा या थोड्या आठवड्यांच्या सबुरीवरच ठरते. (समाप्त)