संदेष्टा

प्रार्थनासभांच्या फलकांवर ‘भविष्यवाणी’ हा शब्द दिसला, की मला ‘संदेष्टा’ आठवतो. जुन्या मराठी बायबलात यशया, यिर्मया ‘भविष्यवादी’ होते. पुढे ते ‘संदेष्टे’ झाले. हा बदल मला फार मोलाचा वाटतो.

मूळ हिब्रू शब्द ‘नबी’. अरबी ‘नबी’ त्याच कुळातला. त्याआधी अशा माणसाला ‘रोए’, म्हणजे द्रष्टा म्हणत, अशी नोंद शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातच आहे. हिब्रू धर्मग्रंथ ग्रीकमध्ये आले तेव्हा ‘नबी’चा ‘प्रोफेतेस’ झाला : देवाच्या वतीने बोलणारा. आमोस या संदेष्ट्याने गरिबांना नाडणाऱ्यांना खडसावले, ते याच अधिकाराने. संदेश देणाऱ्याने उन्नती, उत्तेजन आणि सांत्वन करावे, असे पौलाने करिंथकरांना लिहिले. दुसऱ्या शतकात मोंतानस नावाच्या माणसाने नव्या साक्षात्काराचा दावा केला आणि चर्च सावध झाले. विसाव्या शतकात पेंटेकॉस्टल मंडळ्यांनी संदेश देण्याचे हे दान पुन्हा केंद्रस्थानी आणले.

फारसी ‘पैगंबर’ म्हणजेही पैगाम आणणारा. आज मराठी चर्चमध्ये पेत्र, पौल हे ‘प्रेषित’ आणि यशया ‘संदेष्टा’. वर्तमानपत्रांत मात्र ‘प्रेषित’ बहुधा मुहम्मद पैगंबरांसाठी येतो. ‘भविष्यवादी’ आता भविष्याचा वेध घेणाऱ्या अभ्यासकांसाठीही वापरतात.