पांढरी भिंत, काळा पाषाण आणि कॅमेऱ्याची साक्ष

जुना फोटो हा इतिहासाचा पुरावा मानायचा का? आपण पटकन ‘हो’ म्हणतो. पण भर उन्हात कॅमेरा नेमकं काय करतो, ते आधी पाहू या.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातलीच दोन ठिकाणं घेऊ. नांदुऱ्याला महामार्गालगत १०५ फुटी पांढरा हनुमान उभा आहे. लोणारला दैत्यसूदनाचं देऊळ आहे, काळसर पाषाणाचं, तारकाकृती तलविन्यासाचं. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक समोरचं दृश्य मध्यम करड्या छटेचं आहे असं धरून चालतो. त्यामुळे चौकटभर पांढरं असेल तर ते मळकट उतरतं आणि चौकटभर काळा दगड असेल तर तो फिका पडतो. यंत्र एकच, चुका दोन.

आता मागे जाऊ. एकोणिसाव्या शतकातल्या काचेच्या प्लेटा मुख्यतः निळ्या प्रकाशालाच प्रतिसाद देत. निळं आकाश कागदावर पांढरं यायचं. पांढरी इमारत त्या आकाशात विरघळून जायची. काळं देऊळ मात्र रेखीव उठून दिसायचं. पण त्याच उन्हात देवकोष्ठातल्या सावल्या काजळासारख्या व्हायच्या. दैत्यसूदनाच्या छतावर कोरलेली कथाशिल्पं आहेत. बाहेरून घेतलेल्या फोटोत त्यांचा मागमूस लागत नाही. म्हणजे देवळाची बाह्यरेषा नोंदली गेली, आतली गोष्ट सुटली.

भूमध्य समुद्राकाठी याच्या उलट घडलं. तिथली चुन्याने रंगवलेली घनाकृती घरं ल कॉर्बुझिए यांनी १९११ च्या पूर्वेकडील प्रवासात पाहिली. पुढे सगळ्या रंगांना प्रतिसाद देणारी फिल्म रुळली. तिच्यावर पिवळा किंवा लाल फिल्टर लावला की निळं आकाश गडद होतं आणि पांढरी भिंत झळाळते. अशा कृष्णधवल फोटोंनी आधुनिक वास्तुकला म्हणजे पांढरीच, असा समज पसरवला. प्रत्यक्षात बोर्दोजवळच्या पेसाक इथली ल कॉर्बुझिए यांची १९२० च्या दशकातली घरं तपकिरी, निळी, हिरवी रंगवलेली होती!

मग फोटो खोटा का? नाही. तो साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराची उलटतपासणी करावी लागते. प्लेट कोणती, वेळ कोणती, ऊन कुठून, सावलीत काय दडलं?

हे आपल्या कामाचं आहे, कारण गावोगावची जुनी देवळं आज आपणच मोबाइलवर टिपतोय. पांढऱ्यासाठी उजेड एक पायरी वाढवा, काळ्यासाठी एक पायरी कमी करा. सकाळी आणि संध्याकाळी, तिरप्या उन्हात पुन्हा जा. नक्षी तेव्हाच बोलते. आतल्या छतासाठी दाराशी पांढरी चादर धरून ऊन आत वळवा. आणि प्रत्येक फोटोसोबत तारीख, वेळ, दिशा लिहून ठेवा. उद्या शिल्प झिजेल, कुणी त्यावर रंग फासेल. तेव्हा आपली ही साक्षच उरणार आहे. ती निदान तपासता येईल अशी असू द्या.