उस्मानाबादची गर्भाशयमुख-कर्करोग तपासणी
कर्करोग आढळला, एवढ्याने निदान पुरे होत नाही. तो कोणत्या अवस्थेत आढळला, यावर रुग्णाचे जगणे अवलंबून असते. उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात १९९९ साली आरंभलेल्या प्रयोगात १,३१,७४६ स्त्रियांचे चार गट पाडण्यात आले. तीन गटांची अनुक्रमे विषाणुपरीक्षा, पेशीपरीक्षा व ॲसिटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी झाली. चौथा गट तुलनेसाठी तपासणीविना राहिला. विषाणुपरीक्षेच्या एकाच फेरीनंतर दुसऱ्या वा पुढील अवस्थेतील रोगी ३९ निघाल्या, मृत्यू ३४ झाले. चौथ्या, किंचित लहान गटात हेच आकडे ८२ व ६४ होते. उरलेल्या दोन पद्धतींनी मृत्यूंत लक्षणीय घट घडविली नाही. हे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. त्या भागात अशी तपासणी उपलब्धच नव्हती, हे चौथ्या गटाविषयीचे समर्थन प्रस्तुत लेखकास अपुरे वाटते.