आईचा व्यवसाय: एका रकान्याचा इतिहास



मागच्या महिन्यात एक फॉर्म भरताना ‘आईचा व्यवसाय’ हा रकाना आला. मी सवयीने ‘गृहिणी’ लिहून पुढे गेले. खरं तर आई पहाटे पाचला उठून म्हशीची धार काढते, डबे करते आणि मग खुरपायला रानात जाते. दूध डेअरीला जातं, पण तिथलं खातं बाबांच्या नावावर आहे. म्हणजे मी भरलेली माहिती चुकीची होती, आणि तीही मीच दिलेली!

माझा विषय वनस्पतिशास्त्र, इतिहास नव्हे. पण मोजमापाची भानगड आली की मला राहवत नाही. म्हणून जुन्या जनगणनेचे आकडे उघडले.

१९६१ च्या जनगणनेत देशात सुमारे ६ कोटी स्त्रिया ‘काम करणाऱ्या’ होत्या. १९७१ मध्ये त्या ३ कोटींच्या आसपास आल्या. दहा वर्षांत निम्म्या बायका घरी बसल्या का? तसं काही झालं नव्हतं. बदलला होता तो प्रश्न. १९६१ मध्ये हंगामाच्या बहुतेक काळात रोज तासाभराहून जास्त नियमित काम करणारी व्यक्तीही कामगार धरली जायची. १९७१ मध्ये आधी विचारलं गेलं, ‘तुमचं मुख्य काम कोणतं?’ आता चूल, मुलं, गोठा आणि शेत असं सगळं करणारी बाई याला काय उत्तर देणार? त्यातून उत्तर बहुतेक वेळा घरातला पुरुष देतो. तो म्हणतो, ‘घरकाम’. झालं, बाई यादीतून बाहेर!

प्रयोगशाळेत आपण उपकरणाची संवेदनशीलता आधी तपासतो. प्रश्नावली हेही उपकरणच आहे, हे मला एम.एस्सी.ला कुणी सांगितलं नव्हतं. दोन वर्षांचे आकडे शेजारी ठेवायच्या आधी व्याख्या तीच आहे का, ते बघा.

याच काळात सरकारने नेमलेल्या समितीचा ‘टुवर्ड्स इक्वॅलिटी’ हा १९७४ चा अहवाल आला. फुलरेणू गुहा अध्यक्ष होत्या, वीणा मजुमदार सदस्य-सचिव. कामात स्त्रियांचा वाटा घटतोय, ही त्यातली एक मोठी चिंता होती. ती खोटी होती असं मी म्हणत नाही. गिरण्या-कारखान्यांतून बायका खरोखरच कमी होत होत्या. पण त्यात खरी घट किती आणि व्याख्येची करामत किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. १९७६-७७ मध्ये देवकी जैन आणि मालिनी चंद यांनी वेगळी वाट धरली. राजस्थान आणि पश्चिम बंगालमधल्या खेड्यांत त्यांनी ‘काम करता का?’ एवढंच विचारण्याऐवजी माणसाचा दिवस कशात जातो याची नोंद केली. तेव्हा जनगणनेत न दिसणारं काम दिसायला लागलं. १९९१ च्या जनगणनेत तर शेतावरच्या बिनपगारी कामाचा प्रश्नात स्पष्ट उल्लेख आला.

देशभराचं वेळ-वापर सर्वेक्षण व्हायला मात्र २०१९ उजाडलं. त्यातला आकडा तुम्ही वाचला असेल: बिनपगारी घरकामाला स्त्रिया रोज २९९ मिनिटं देतात, पुरुष ९७. इथे थांबा. ही सरासरी फक्त त्या दिवशी घरकाम केलेल्यांची आहे. स्त्रियांपैकी सुमारे ८१ टक्के त्यात आहेत, पुरुषांपैकी सुमारे २६. सगळ्या पुरुषांवर वाटलं तर ९७ चे जेमतेम २५ होतात, आणि स्त्रियांचे २४३. छेद बदलला की तिपटीची दरी जवळजवळ दहापट होते. मुलाखतीत हा प्रश्न आला तर कुठली सरासरी ते विचारा.

आकड्यांच्या आधीच्या काळासाठी आपल्याकडे एक सुंदर साधन आहे, जात्यावरच्या ओव्या. हेमा राईरकर आणि गी पॉयटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. पिठाची गिरणी आली आणि पहाटेचं दळण सुटलं, तसं ते गाणंही मागे पडलं. आमच्याकडे जातं आता फक्त लग्नाच्या हळदीला निघतं.

दिवाळीत मी आईच्या मागे वही घेऊन फिरले, दर अर्ध्या तासाला एक नोंद. दुपारी तिने वही हातात घेतली, वाचली आणि म्हणाली, “यात गोठा राहिला की गं. दोनदा.”