चाळिसाचा आकडा आला कुठून?

कुर्ला स्टेशनच्या पुलावर अर्ध्या पायऱ्या चढून कठड्याला टेकलेला, दम खाणारा जाड माणूस दिसला की मागच्याची जीभ सैल सुटते: तोंडावर ताबा नको का! तोच माणूस आरोग्यविम्याच्या पॉलिसीत वजनाच्या ऑपरेशनचं कलम शोधतो, तेव्हा त्याला तिथे भेटतो एक आकडा. खर्च हवा तर बीएमआय किमान ४०. हृदयविकार असेल, झोपेत श्वास अडकत असेल किंवा मधुमेह आटोक्यात येत नसेल, तर ३५. वजनाच्या किलोंना उंचीच्या मीटरच्या वर्गाने भागलं की बीएमआय मिळतो. विमा नियामक 'इर्डाई'ने हे कलम २०१९मध्ये घालून दिलं. आकडा मात्र इर्डाईचा नाही, तो फार लांबून आला आहे.

अतिजाडीला रोग मानणं आपल्याकडे जुनं आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या एकविसाव्या अध्यायाचं नाव 'अष्टौनिन्दितीय'. त्यातल्या आठ निंद्य देहांत अतिस्थूल आहे, आणि अतिकृशापेक्षा त्याला बरं करणं अवघड, असंही चरक सांगून ठेवतो. निंदा आपण जपली. इलाज अवघड आहे, हे विसरलो.

शस्त्रक्रियेचा पहिला ठळक मागमूस १९५४चा. अमेरिकेत मिनेसोटाच्या क्रेमन, लिनर आणि नेल्सन यांनी लहान आतड्याचा मोठा भाग वगळून अन्न थेट पुढे नेण्याची पद्धत मांडली. अन्न पोटात जाई, पण अंगी लागत नसे. वजन उतरलं, पण पाठोपाठ जुलाब, मुतखडे आणि काहींचं यकृत निकामी. ती पद्धत शेवटी टाकून द्यावी लागली.

खरी वाट सापडली ती अल्सरच्या रुग्णांमुळे. त्या काळी अल्सरवर जठराचा काही भाग काढून टाकत. अशा रुग्णांचं वजन घटतं आणि पुन्हा सहजी वाढत नाही, हे आयोवाचे सर्जन एडवर्ड मेसन यांच्या ध्यानात आलं. १९६६मध्ये त्यांनी चिकाशी इटो यांच्यासह पहिला गॅस्ट्रिक बायपास केला, म्हणजे जठराचा छोटा भाग वेगळा करून तो थेट आतड्याला जोडला. सुंदर दिसण्याच्या हौसेशी या ऑपरेशनच्या जन्माचा काही संबंध नाही. 'कॉस्मेटिक' म्हणून त्याला बाजूला सारणाऱ्यांना हे ठाऊक असायला हवं.

१९९१मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तज्ज्ञ बसवले आणि हे ऑपरेशन कोणाला द्यावं, ते ठरवलं. आपला ४० आणि ३५ तिथला. तेव्हा पोट लांब चिरूनच हे काम होई, धोका मोठा होता. उंबरठा उंच ठेवला, यात गैर काही नव्हतं.

पण पुढे सगळं बदललं. लोकलने कुर्ल्याहून भायखळा गाठलं की जवळच असलेल्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी १९९०मध्ये भारतात पहिल्यांदा दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. १९९४पर्यंत अमेरिकेत बायपासही दुर्बिणीतून होऊ लागला. १९९५मध्ये अमेरिकी सर्जन वॉल्टर पोरिस यांनी दाखवलं की बायपासनंतर अनेकांची रक्तातली साखर वजन पुरतं उतरायच्या आधीच ताळ्यावर येते. १९९९मध्ये जपानी संशोधकांना जठरातून निघणारं, भूक चाळवणारं घ्रेलिन सापडलं. आज सर्रास होणाऱ्या 'स्लीव्ह' नावाच्या ऑपरेशनमध्ये जठराचा सुमारे ८० टक्के भाग जातो, त्याबरोबर घ्रेलिन बनवणारा बराचसा भागही जातो. म्हणजे भूक ही नुसती सवय नव्हे, तिचा कारखाना शरीरातच आहे. पुलावरच्या त्या टोमण्याला याहून चोख उत्तर मला माहीत नाही.

ही जादू मात्र नाही. टाक्यांतून गळती होण्याचा धोका असतो, ब-१२, लोह आणि कॅल्शियम जन्मभर सांभाळावं लागतं, आणि पथ्य सोडलं तर वजन परत येतं.

२०१७मध्ये इजिप्तच्या इमान अहमद वजनाच्या ऑपरेशनसाठी मालवाहू विमानाने मुंबईत आल्या, क्रेनने त्यांना चर्नी रोडच्या सैफी रुग्णालयात चढवलं, ते दृश्य घराघरांत पोहोचलं. वजनाचं ऑपरेशन फक्त अशा अजस्र देहांसाठी असतं, असा समज त्याने पक्का केला, याचं मला वाईट वाटतं.

कारण आपला प्रश्न उलटा आहे: देह अजस्र नसला, तरी आत चरबी जास्त. २००४मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी स्वतःचेच फोटो शेजारी-शेजारी छापले. दोघांचा बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. आकडा तोच, पण याज्ञिकांच्या अंगात चरबी दुपटीहून जास्त. भारतीय तज्ज्ञांनी २००९मध्ये म्हणूनच शस्त्रक्रियेचा उंबरठा ३७.५ आणि सोबत आजार असल्यास ३२.५ असा खाली आणला. २०२२मध्ये अमेरिकी आणि जागतिक संघटनांनीही जुना आकडा सोडला: सर्वांसाठी ३५, आशियाई लोकांसाठी २७.५.

आता कुर्ल्यातल्या १६० सेंटिमीटर उंचीच्या एखाद्या बाईचा हिशेब करा. ९६ किलोंच्या पुढे गेली की सोबत दुसरा आजार नसला तरी भारतीय डॉक्टरांच्या लेखी ती शस्त्रक्रियेला पात्र. विम्याच्या लेखी १०२.४ किलो व्हावे लागतात. ९८ किलोंच्या बाईने पैसे मिळावेत म्हणून आणखी जवळजवळ साडेचार किलो वाढवायचे का? इर्डाईने ते कलम पुन्हा लिहायला घ्यावं. निदान २००९चे आपले आकडे तरी त्यात यावेत.